खालचा पत्ता

तिसऱ्यांदा पॅनिक.
पडद्यावर अक्षरांचा ढीग, आणि ढिगाच्या तळाशी
एकच आकडा, सोळा अंकी,
कुणी गट नंबर सांगावा
आणि गावाचं नाव गिळून टाकावं तसा.

नागभीडच्या पुढं, तळ्याच्या पाळीखालचं घर.
रात्रीचे दोन. इन्व्हर्टर कण्हतो आहे.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड, त्याचा छोटा दिवा विझलेला.

चूक माझीच, एका ओळीची.
आकडा उचलला आणि म्हटलं, हा पत्ता, वाच.
विचारलंच नाही की तिथं मेमरी आहे,
की एखाद्या यंत्राचं दार,
की नुसतं भोक, ज्याला तारच जोडलेली नाही.

वरच्या पत्त्यांची सवय लागते माणसाला.
वर प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं
आपण सलग आहोत, एकटे आहोत, शून्यापासून आपलंच राज्य.
खाली तसं नसतं.
खाली एकाचं पान दुसऱ्याच्या पानाला खेटून,
आणि हे फक्त कर्नलला ठाऊक.
त्याला तरी सगळं कुठं ठाऊक?

सकाळी बाबाच्या डोंग्यात बसले, झोप नव्हतीच.
बकाराम मारबते, मच्छीमार सोसायटी, सभासद क्रमांक अकरा.
पन्नास वर्षं हेच पाणी, तरी बास टेकवायच्या आधी
दर वेळी अर्धाच बुडवतो, थांबतो, मग भार देतो.
"तठी नोको टेकवू वो. तठी खाली बूड नाई."
तुले कसं मालूम?
"मालूम नाई, मनून त पुसतो पान्याले."

शिंगाड्याच्या वेलांवर कमळपक्षी बसलेला.
मी म्हटलं, जवळ ने ना, हात नाही लावत,
नुसतं पाहते.
"पाहलं का ते उठते.
उठलं का अंडे उघडे. वरतं घार हाय."
डोंगा त्यानं लांबून वळवला.

आणि मला बोर्डावरचं ते रजिस्टर आठवलं,
एकदा वाचलं की रिकामं होणारं.
निरोप आलेला असतो ड्रायव्हरसाठी,
आपण सहज डोकावतो,
निरोप संपतो. ड्रायव्हर वाट पाहत राहतो.
मी तर वाचणं म्हणजे निरुपद्रवी समजत होते,
लिहिलं तरच बिघडतं म्हणत होते,
कॉलेजात असंच शिकवलं होतं बहुतेक,
किंवा मीच तेवढं ऐकलं.

दुपारभर ती एक ओळ उलगडत बसले.
बूट होताना मिळालेली यादी आधी विचारायची,
हा तुकडा अख्खा मेमरीत आहे का, नुसतं टोक नव्हे.
सुरुवात अधिक लांबी करताना
आकडा गोल फिरून शून्यापाशी तर नाही ना येत, ते बघायचं.
मग खिडकी उघडायची, लागेल तेवढीच,
कंपायलरला बजावायचं की एकदाच वाच,
नेमकं एकदा, शहाणपणा नको.
आणि यंत्राचं दार असेल तर
न वाचता परत फिरायचं, सरळ सांगायचं, नाही.
ज्या चार ओळींत खरोखर पाऊल टाकायचं
तेवढ्यांवरच "असुरक्षित" असं लिहायचं,
म्हणजे पुढं कुणी आलं तर
आधी बास बुडवेल.

संध्याकाळी बोर्डाचा दिवा लागला आणि राहिला.
बाबा जाळं विणत होता. "झालं का वो?"
हो. आता ते नाही म्हणतं.
"काम करत नाई मंग?"
करतं. नको तिथं नाही म्हणतं.
त्यानं गाठ दातानं ओढली. "मंग हुशार झालं."

रात्री वीज गेल्यावर आठवलं,
खिडकी उघडल्यानंतर मधेच चूक निघाली
तर त्या वाटेवर ती बंद करणारी ओळ
मी लिहिलेलीच नाही.
एकेक खिडकी उघडी राहील, कळणारही नाही,
आणि महिन्याभरानं उघडायला जागा उरणार नाही.

उठून लॅपटॉप शोधत होते अंधारात.
दार आधीच उघडं होतं. बाबा पाळीकडं निघालेला,
हातात टॉर्च,
डोंगा बांधला की नाही ते बघायला.